पहिल्या भेटीच्या आधी

नागपूरच्या सत्र न्यायालयात नऊ वर्षे वकिली केल्यानंतर २०२३ साली मी मिशिगनमधील एका विद्यापीठात कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पहिल्याच सत्रात फौजदारी प्रक्रियेच्या वर्गात एका औपचारिक वादासाठी पुढील ठराव मांडण्यात आला: देशांतर्गत दहशतवादाच्या खटल्यात ‘पोलिसांनीच मला गुन्हा करायला लावले’ असा बचाव आरोपी घेतो, तेव्हा न्यायालयाने आरोपीच्या मनोवृत्तीच्या आधी सरकारच्या वर्तनाची तपासणी करावी. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि माझ्या चिठ्ठीवर ‘विरोधात’ असे निघाले. म्हणजे नऊ वर्षे आरोपीच्या वतीने उभी राहिलेली मी, आता सरकारच्या वतीने बोलणार होते. तयारीसाठी दहा आठवडे होते.

विषय केवळ पुस्तकी नव्हता. वर्ग सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तोच सप्टेंबरच्या मध्यात याच राज्याच्या उत्तरेकडील अँट्रिम काउंटीतील ज्युरीने, गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्या अपहरणाच्या कटाला मदत केल्याच्या आरोपातून तीन जणांना निर्दोष सोडले. त्याआधी जुलैत न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश कॉलीन मॅकमहन यांनी, २०११ साली स्वतःच पंचवीस वर्षांची शिक्षा दिलेल्या चार आरोपींपैकी तिघांच्या लवकर सुटकेचा आदेश दिला होता. ही दोन्ही प्रकरणे खबऱ्यांच्या आधारे उभी राहिली होती आणि दोन्हींत बचाव तोच होता. आमच्या वर्गात काही जणांचे मत त्या बातम्यांवरून आधीच पक्के झाले होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले होते.

पहिली अडचण मला शब्दाचीच आली. बाबांना फोनवर विषय सांगताना मी या बचावाचे इंग्रजी नाव, ‘एन्ट्रॅपमेंट’, घेतले, तर ते लगेच म्हणाले, “म्हणजे आपला सापळाच ना?” बाबांनी चाळीस वर्षे जिल्हा न्यायालयात काम केले आहे, त्यामुळे त्यांना हा शब्द सुचणे स्वाभाविक होते, पण मराठी वृत्तपत्रांतला सापळा आणि हा बचाव यांत मोठे अंतर आहे. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो तेव्हा तक्रारदार आधी येतो आणि अमुक अधिकाऱ्याने पैसे मागितल्याचे सांगतो. त्यावर विभाग लगेच नोटा घेऊन निघत नाही. पंचांसमक्ष, तक्रारदाराजवळ व्हॉइस रेकॉर्डर देऊन, आधी मागणीची पडताळणी होते आणि तिचा पंचनामा होतो. त्यानंतरच नोटांना अँथ्रासिन पावडर लागते आणि लाच घेणाऱ्याचे हात अतिनील दिव्याखाली तपासले जातात. पडताळणीचा पंचनामा ढिला असेल तर उलटतपासात सगळे प्रकरण कसे उसवत जाते, हे मी अनेकदा अनुभवले आहे. लाचेची मागणी सिद्ध होणे अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. थोडक्यात, आपला सापळा आधीच सुरू झालेल्या गुन्ह्यावर लावलेला असतो. अमेरिकेतील वादाचा प्रश्न असा, की सापळा लागण्याच्या आधी गुन्ह्याचा काही अंश तरी अस्तित्वात होता का, आणि तो कोणाच्या मनात होता.

तेथील कायद्याची वाट १९३२ च्या सॉरेल्स खटल्यापासून सुरू होते. दारूबंदीच्या काळात उत्तर कॅरोलायनात एक सरकारी माणूस प्रवासी बनून सॉरेल्सच्या घरी गेला. दोघेही पहिल्या महायुद्धात एकाच डिव्हिजनमध्ये होते असे निघाले, युद्धाच्या आठवणी निघाल्या, आणि त्या गप्पांत पाहुण्याने पुन्हा पुन्हा दारू मागितली. आधी नाही म्हणणाऱ्या सॉरेल्सने अखेर अर्धा गॅलन व्हिस्की आणून दिली, पाच डॉलर घेतले आणि तो पकडला गेला. निरपराध माणसाच्या मनात गुन्ह्याचे बीज पेरून मग त्यालाच शिक्षा करावी, हा संसदेचा हेतू असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तेव्हापासून संघीय न्यायालयांत दोन प्रश्न विचारले जातात: सरकारने प्रवृत्त केले का, आणि आरोपी मुळातच तयार होता का, म्हणजे त्याची पूर्वप्रवृत्ती होती का. प्रवृत्त केल्याचा काही पुरावा आरोपीने पुढे आणला, की तो आधीपासून तयार होता हे सरकारला निःसंशय सिद्ध करावे लागते. १९९२ च्या जेकबसन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी आणखी एक गोष्ट निश्चित झाली: ही तयारी सरकारने संपर्क साधण्याच्या आधीची असली पाहिजे. त्या माणसाला सरकारी यंत्रणेने सव्वीस महिने वेगवेगळ्या बनावट संस्थांच्या नावाने पत्रे पाठवली होती, आणि इतक्या पत्रांनंतर दिसलेली तयारी ही त्याची स्वतःची मानता येणार नाही, असे बहुमताने म्हटले.

सॉरेल्स प्रकरणातच न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी वेगळे मत लिहिले होते. आरोपीच्या मनात काय होते हे बाजूला ठेवा, सरकारचे वर्तन न्यायालयाच्या दारात येण्याच्या लायकीचे आहे का ते पाहा, असा त्याचा आशय होता. संघीय न्यायालयांनी तो मार्ग स्वीकारला नाही, परंतु काही राज्यांनी स्वीकारला, आणि मिशिगन त्यांपैकीच एक आहे. येथील राज्य न्यायालयांत हा प्रश्न ज्युरीसमोर जातच नाही. पोलिसांचे वर्तन कसे होते ते पाहून न्यायाधीश त्याचा निर्णय देतात. माझे प्रतिस्पर्धी याच मताच्या बाजूने बोलणार होते.

तयारीची रीत मी नागपूरहून सोबत आणली होती. कोणताही मोठा खटला हाती आला की मी तारखांची पट्टी करते. येथेही भिंतीवर लांब कागद चिकटवला, मधोमध एक उभी लाल रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिले, ‘पहिली भेट’. रेघेच्या उजवीकडे भेटीनंतरचे सगळे, डावीकडे भेटीआधीचे. जेकबसन निकालाप्रमाणे सरकारचा खटला डाव्या बाजूवर उभा राहायला हवा होता. मला सरकारची बाजू मांडायची असल्यामुळे डावी बाजू भरणे हे माझे पहिले काम होते.

न्यूबर्ग प्रकरणापासून, म्हणजे मॅकमहन यांच्यासमोरच्या त्या चार आरोपींच्या खटल्यापासून, सुरुवात केली. शाहेद हुसेन हा खबऱ्या, श्रीमंत व्यापारी म्हणून वावरत, न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्ग या गरीब गावातील मशिदीत जाऊ लागला. तो स्वतः फसवणुकीच्या गुन्ह्यात सापडल्यानंतर तपास यंत्रणेसाठी काम करू लागलेला होता. तेथे जून २००८ मध्ये त्याची गाठ जेम्स क्रोमिटीशी पडली, जो वॉलमार्टमध्ये नोकरी करत होता. पुढे २००९ च्या सुरुवातीला क्रोमिटी त्याला सुमारे सहा आठवडे टाळत राहिला, गावाबाहेर असल्याची थाप मारत राहिला. एप्रिलमध्ये, नोकरी गेल्यानंतर, त्याने स्वतः फोन केला आणि आपल्याला पैसे मिळवायचे आहेत असे सांगितले. तोवर खबऱ्याने अडीच लाख डॉलरचे आमिष त्याच्यापुढे ठेवलेले होते. २० मे २००९ च्या रात्री ब्राँक्समधील रिव्हरडेल भागात ज्यू प्रार्थनास्थळांबाहेर बॉम्ब ठेवताना चौघांना पकडण्यात आले. बॉम्ब एफबीआयने बनवलेले होते आणि ते फुटणे शक्यच नव्हते. स्टुअर्ट हवाई तळावरील विमानांवर सोडायचे स्टिंगर क्षेपणास्त्रही त्यांनीच पुरवले होते, आणि तेही निकामी केलेले होते.

या क्षेपणास्त्रापाशी मी दोन दिवस थांबले. विमानविरोधी क्षेपणास्त्र मिळवण्याच्या कटाला संघीय कायद्यात किमान पंचवीस वर्षांची शिक्षा आहे, आणि शिक्षा सुनावताना ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशांना नाही. मॅकमहन यांनी शिक्षा सुनावताना सरकारच्या वर्तनावर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली, क्रोमिटीला दहशतवादी बनवणे केवळ सरकारलाच शक्य होते असे म्हटले, आणि तरीही त्यांना पंचवीस वर्षेच द्यावी लागली. क्षेपणास्त्र कथानकात असावे हे सरकारने ठरवले होते, आणि म्हणून शिक्षेचा आकडाही एका अर्थाने सरकारनेच ठरवला होता. सरकारची बाजू लढवताना याचे समर्थन कसे करायचे हे मला सुचले नाही, म्हणून मी तो मुद्दा भाषणातून वगळला. आज वाटते की वगळायला नको होता. त्यावर प्रामाणिकपणे काहीतरी बोलायला हवे होते.

मग डावी बाजू. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने क्रोमिटीची शिक्षा कायम ठेवली, तेव्हा बहुमताने त्याच्या सुरुवातीच्या भेटींतील उद्गारांवर भर दिला: आपल्याला हुतात्मा व्हायचे आहे, अमेरिकेविरुद्ध काहीतरी करायचे आहे, असे तो म्हणाला होता. आमिष नंतर आले, इच्छा आधीची होती, असा तो तर्क. मी हे उद्गार लाल रेघेच्या अगदी जवळ, पण उजवीकडेच लिहिले, कारण ते खबऱ्याशी बोलतानाच आलेले होते. त्यांचा आधार शोधू गेले तेव्हा लक्षात आले, की जून २००८ पासूनच्या पहिल्या काही महिन्यांच्या भेटींचे ध्वनिमुद्रणच नव्हते. ते ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. त्या आधीच्या शब्दांचा साक्षीदार एकच होता, आणि तो म्हणजे हुसेन.

मिशिगनच्या अपहरण-कटाच्या प्रकरणाने मला उलट दिशेने आधार दिला, आणि मी तो मनापासून घेतला. तेथे खबऱ्याला कोणी पाठवले नव्हते. इराकमध्ये लढलेला एक माजी सैनिक २०२० च्या वसंतात बंदुकीच्या सरावासाठी एका सशस्त्र गटात सामील झाला, पोलिसांना ठार मारण्याच्या गप्पा ऐकून घाबरला आणि त्याने स्वतः पोलिसांना कळवले. एफबीआयने त्याला गटातच राहायला सांगितले ते त्यानंतर. पुढच्या काळातील संभाषणांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. एल्क रॅपिड्सजवळील गव्हर्नरांच्या सुटीतील घराची त्या गटाने रात्री जाऊन पाहणी केली, वाटेतला पूल उडवण्याचा विचार केला, आणि ७ ऑक्टोबर २०२० रोजी अटका झाल्या. अमेरिकेच्या कायद्यात देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या आहे, पण त्या नावाचा स्वतंत्र संघीय गुन्हा नाही. म्हणून अशा खटल्यांत कटाचा, अपहरणाचा किंवा स्फोटकांचा आरोप ठेवावा लागतो. कट मुख्यतः बोलण्यातून सिद्ध होतो आणि बोलणे बाहेर येते ते आत बसलेल्या माणसाकडून. ओक्लाहोमा सिटीत १९ एप्रिल १९९५ रोजी १६८ माणसे मेली. त्या कटात आत बसलेला कोणी असता तर त्याने कोणते प्रश्न विचारले आणि इतरांना कसे चिथावले याची चिकित्सा आपण आज आनंदाने केली असती, असे मी भाषणात लिहिले, आणि ते वाक्य मला आजही खरे वाटते.

याच प्रकरणाच्या संघीय खटल्यात ज्युरीने ८ एप्रिल २०२२ रोजी ग्रँड रॅपिड्स येथे चारपैकी दोघांना निर्दोष सोडले आणि उरलेल्या दोघांबाबत तिचे एकमत झाले नाही. ऑगस्टमध्ये दुसऱ्या ज्युरीने त्याच दोघांना दोषी ठरवले आणि वर्ष संपण्याआधी एकाला सोळा वर्षांची, तर दुसऱ्याला साडेएकोणीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. ज्युरी कारणे देत नाही. वादात माझ्या बाजूने असलेल्या सहकाऱ्याला, जो ओहायोतील एका काउंटीत पाच वर्षे सरकारी वकील होता, यात यंत्रणेची ताकद दिसत होती: ज्युरीने सरसकट निकाल न देता प्रत्येक माणसाकडे वेगळे पाहिले. मला त्यात पूर्वप्रवृत्तीच्या प्रश्नाचा ठिसूळपणा दिसत होता. गेलेल्या एखाद्या दिवशी माणसाच्या मनात काय होते, हे बारा जणांनी ओळखायचे. एकदा जमले नाही, चार महिन्यांनी दुसऱ्या बारा जणांना जमले. तरीही मी त्याचेच म्हणणे भाषणात ठेवले, कारण आमची बाजू ती होती.

वादाच्या चार दिवस आधी बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका जुन्या निकालाच्या पानाचे छायाचित्र पाठवले आणि मागोमाग फोन केला. “रामजनम सिंह विरुद्ध बिहार, १९५६. विव्हियन बोस यांनी लिहिलंय. आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते ते. वाच आणि मग सांग.” मी वाचले. माणसाच्या वृत्ती कशाही असोत, त्याच्या सहनशक्तीपलीकडचा मोह मुद्दाम त्याच्यापुढे ठेवला जाणार नाही, निदान कायद्याच्या रक्षकांकडून तरी नाही, अशी अपेक्षा करण्याचा त्याला अधिकार आहे, असा त्या परिच्छेदाचा आशय आहे. आपल्या कायद्यात हा बचाव स्वतंत्रपणे लिहिलेला नसतानाही न्यायालयाने इतके स्पष्ट बोलावे, याचे मला नवल वाटले. “बाबा, पण हे माझ्या विरुद्ध जातं,” मी म्हटले. “तुम्ही दुसऱ्या बाजूला मदत करताय.” ते म्हणाले, “विरुद्ध जाणारं आधी वाचावं. सत्र न्यायालयात तू तेच करत होतीस ना?”

वादाच्या दिवशी समोर तिघे होते: आमच्या प्राध्यापिका, एक निवृत्त न्यायाधीश आणि फौजदारी बचावाचे काम करणाऱ्या एक ज्येष्ठ वकील. माझी बारा मिनिटे ठीक गेली. सरकारच्या वर्तनाला प्रथम स्थान दिले तर खरोखर तयार असलेला माणूस केवळ अधिकाऱ्याच्या उतावीळपणामुळे सुटेल. कायदा पाळणारा सर्वसाधारण माणूस कशाने डगमगेल, हा तिकडचा निकषही आमच्या निकषाइतकाच धूसर आहे. आणि पूर्वप्रवृत्ती सिद्ध करण्याचे ओझे आजही सरकारवरच आहे, हे मी नीट मांडले. मग ज्येष्ठ वकिलांनी प्रश्न सुरू केले.

“पूर्वप्रवृत्ती पहिल्या भेटीआधीची असावी, हे तुम्ही मान्य करता?”

“हो.”

“न्यूबर्गमध्ये पहिल्या भेटीआधीचे काय आहे?”

मी सुरुवातीच्या भेटींतील उद्गार सांगितले.

“त्यांचे ध्वनिमुद्रण?”

“नाही.”

“मग ते उद्गार आपल्याला कोणी सांगितले?”

“खबऱ्याने.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत, फक्त थांबल्या. माझ्यापुढे तयार उत्तर होते: खबऱ्याची विश्वासार्हता ज्युरीने तपासली, उलटतपास झाला, आणि नंतरच्या ध्वनिमुद्रणांतूनही त्याच वृत्तीला दुजोरा मिळतो. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते देण्याऐवजी मी त्यांना मागणीच्या पडताळणीच्या पंचनाम्याबद्दल सांगितले, बोस यांच्या निकालाबद्दल सांगितले, आणि म्हटले, की काही हजार रुपयांच्या लाचेसाठी माझ्या राज्यातील पोलीस सापळ्याआधी रेकॉर्डर देतात; ज्या खटल्यात पंचवीस वर्षे जाणार आहेत तेथे पहिल्या भेटीचा पुरावा पगारी खबऱ्याच्या स्मरणावर सोडणे मला समर्थनीय वाटत नाही. पूर्वप्रवृत्तीचा निकष राहू द्यावा, परंतु सरकारने स्वतः पाठवलेल्या खबऱ्याची ध्वनिमुद्रित नसलेली साक्ष ही पूर्वप्रवृत्तीचा एकमेव आधार ठरू नये, असे मी सुचवले. सहकाऱ्याशी ठरवलेल्या भूमिकेत हे कुठेच नव्हते.

ठराव दोन विरुद्ध एक मताने संमत झाला. विरोधी मत निवृत्त न्यायाधीशांचे होते. न्यायालयाने पोलिसांच्या वर्तनाचे परीक्षक होण्यात धोका आहे, ते काम संसदेचे आणि खात्याचे आहे, असे त्यांनी सांगितले.

बाहेर पार्किंगपर्यंत चालताना सहकारी बराच वेळ गप्प होता. मग त्याने जे म्हटले ते आजही मला सोडत नाही. “तुझा नियम मिशिगनला लावून पाहा. तो माणूस गटात शिरला तेव्हा तो खबऱ्या नव्हताच. त्याच्या खिशात रेकॉर्डर कुठून येणार? ज्या प्रकरणात यंत्रणा सर्वांत सरळ वागली, त्यातलाच पहिला पुरावा तू कमकुवत करतेस. शिवाय झडती घेणाऱ्या माणसांमध्ये पहिल्याच दिवशी यंत्र घेऊन जाणारा खबऱ्या परत येईलच असे नाही.” मी म्हटले, की म्हणूनच मी ‘पाठवलेला’ हा शब्द वापरला. स्वतःहून येऊन कळवणारा नागरिक हा आपल्याकडच्या तक्रारदारासारखा आहे. त्याची तक्रार ऐकून मग पडताळणी करता येते. पण यंत्रणा जेव्हा एखाद्याला पैसे देऊन किंवा त्याच्या डोक्यावरचा खटला हलका करून एखाद्या प्रार्थनास्थळात किंवा गटात धाडते, तेव्हा पहिला दिवस कोणता हे तिनेच ठरवलेले असते, आणि ज्याने दिवस ठरवला त्याने त्या दिवसाची नोंदही ठेवावी. जीविताच्या धोक्याबद्दलचा त्याचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे खोडून काढू शकले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मॅकमहन यांनी क्रोमिटीच्याही सुटकेचा आदेश दिला. तोवर सत्र संपले होते, पण भिंतीवरची पट्टी मी काढली नव्हती. मी ती तारीख तिच्यावर लिहिली आणि छायाचित्र सहकाऱ्याला पाठवले. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून एक टिपण लिहायला घेतले. पाठवलेला खबऱ्या आणि स्वतःहून आलेला खबऱ्या यांत फरक करावा, यावर आता आमचे एकमत आहे. ध्वनिमुद्रण शक्य नसेल तर खबऱ्याने त्याच दिवशी अधिकाऱ्याला दिलेला लेखी वृत्तान्त पुरेसा मानावा, असा अपवाद त्याने चौथ्या परिच्छेदात घातला आहे. मी त्यावर खूण करून ठेवली आहे. लेखी वृत्तान्तावर पंचाची सही नसेल तर तो मला मान्य नाही, आणि येथे पंच कोण असावा हे आम्हाला अजून ठरवायचे आहे.